मुंगळ्यांचा कागद

गुरुवारी दुपारी आमच्या अबू धाबीच्या ऑफिसात कोणी कोणाच्या टेबलापाशी जायचं नाही, असा न बोललेला नियम होता. गुरुवार अर्धा दिवस, शुक्रवार सुट्टी. कोणाला नोकरीवरून काढायचं असेल तर पत्र गुरुवारी ऑफिस सुटता सुटता द्यायचं, म्हणजे शनिवारपर्यंत त्या माणसाला भांडायलाही कोणी सापडत नाही. एचआरच्या लेबनीज मॅनेजरनं ही पद्धत पाडली होती आणि त्याला ती फार शहाणपणाची वाटे. नोकरी गेली की व्हिसा गेला. मग घर, मुलांची शाळा, सगळं महिन्याभरात गुंडाळायचं. माझा नवरा त्याच कंपनीत साइट इंजिनियर होता, मुलगी पहिलीत होती. दर गुरुवारी सकाळपासून मी दाराकडे बघत असे. मी कोणाला सांगत नसे, कारण सगळ्यांचंच तसं होतं.

अशा ऑफिसातसुद्धा सगळ्यांत भित्रा माणूस कोण असं विचारलं असतं तर शिपायापासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी आमच्या सरांकडे बोट दाखवलं असतं. सर मूळचे मिरजेचे. ह्या बांधकाम कंपनीत ते डॉक्युमेंट सेक्शनचे प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली मी. कंपनीतून बाहेर जाणारं आणि कंपनीत फिरणारं प्रत्येक पत्र, फॉर्म, नोटीस कशी दिसावी हे आमच्याकडे ठरे. मजकूर दुसऱ्यांचा, रूप आमचं.

सर लिफ्टनं जात नसत. सहाव्या मजल्यावर जिन्यानं येत आणि मग दहा मिनिटं कोणाशी बोलत नसत. गाडी चालवत नसत. फोन वाजला तर लगेच उचलत नसत. त्याच्याकडे बघत राहत, जणू तो आपणहून गप्प बसेल. टेबलाखाली पायाशी एक निळी बॅग असे. तिच्यात पाण्याची बाटली, टॉर्च, एक शर्ट आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे. दर महिन्याला ते जुने पुडे काढून आम्हाला वाटत आणि नवे भरत. पासपोर्ट मात्र बॅगेत नाही. तो शर्टाच्या आत, कापडी पाकिटात, छातीशी. बोलता बोलता त्यांचा हात छातीवर जाई, पासपोर्ट चाचपे आणि परत येई. नवीन माणसाला वाटे, सरांना हृदयविकार आहे.

हे सगळं कुवेतमधून आलेलं होतं. नव्वद साली इराकी फौज शिरली तेव्हा सर तिथे नोकरीला होते आणि बाकीच्यांबरोबर बसनं वाळवंटातून जॉर्डनच्या दिशेनं निघाले होते. वाटेत एका चौकीवर इराकी शिपायानं सगळ्यांचे कागद मागितले. सरांनी कंपनीचं टाइप केलेलं पत्र दिलं. शिपायानं ते उलटं धरलं, वरून खाली बघितलं आणि परत दिलं. शेजारच्या माणसाचा कागद हातानं लिहिलेला होता. मजकूर तोच, सहीही त्याच साहेबाची. त्याला खाली उतरवलं आणि बस पुढे निघाली. त्याचं काय झालं, हे सरांना कधी कळलं नाही.

"वाचलं नाही हो त्यानं, बाईसाहेब," सर मला सांगत. मला ते बाईसाहेबच म्हणत, मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असून. "नुसतं बघितलं. माणूस वाचतो नंतर. भीती बसायची ती बघतानाच बसते."

म्हणून आमच्या सेक्शनमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती. नवीन फॉर्म किंवा पत्र तयार झालं की सर ते चिमट्यानं दोरीला लावत, उलटं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहत. बघून काय वाटतं तेवढंच त्यांना हवं असे. फॉन्टची खरी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. ज्या अक्षरांना खाली पाय असतात त्या जुन्या पुस्तकी अक्षराला ते 'हेडमास्तर' म्हणत. बिनपायाचं, सरळ, स्वच्छ असेल ते 'नर्स'. तिरपं अक्षर म्हणजे 'दलाल'. "तो झुकूनच बोलतो, त्याला टेंडरमध्ये घेऊ नका," असं मला बजावलेलं होतं. गोलसर, जाडसर, बेताच्या उंचीचं एक अक्षर होतं, त्याला 'मावशी'. मी हसायचे आणि पुढच्या महिन्यात मीच फोनवर कोणाला तरी सांगायचे, "नहीं नहीं, इसको हेडमास्तर में प्रिंट करो."

एक नाव मात्र सरांचं नव्हतं, ते कॅम्पातून आलं होतं. मुसफ्फाला कंपनीचा लेबर कॅम्प होता आणि तिथे आपल्या रत्नागिरी, चिपळूण, खेडकडची बरीच माणसं होती. गवंडी, सुतार, सळ्या बांधणारे. मराठी वाचणारी होती, इंग्रजी बहुतेकांना येत नव्हतं. एचआरचा कंप्युटर जुना. त्यातून निघणारी पत्रं टाइपरायटरसारख्या अक्षरात येत, प्रत्येक अक्षर सुटं, पाय फाकून उभं. कॅम्पात त्याला 'मुंगळे' म्हणत. काढून टाकल्याचं पत्र तेवढं एचआर स्वतः छापी, म्हणून तेच त्या अक्षरात यायचं, बाकी कुठलंच नाही. पाकिटातून कागदाचा कोपरा दिसला तरी माणसाला कळे. "मुंगळे आले" म्हटलं की खोलीतली बाकीची माणसं उठून बाहेर जात आणि त्याला एकट्याला रडू देत.

एका रमजानमध्ये मेसच्या बदललेल्या वेळांची नोटीस आम्ही हेडमास्तरमध्ये बनवून फ्लॉपीवर कॅम्पात पाठवली. कॅम्पातल्या मशीनमध्ये हेडमास्तर नव्हता. जे अक्षर मशीनमध्ये नसतं त्याच्या जागी प्रिंटर स्वतःच्या पोटातलं अक्षर छापतो, आणि त्या प्रिंटरच्या पोटात होते मुंगळे. नोटीस बोर्डावर लागली. संध्याकाळी सुपरवायझरचा मला फोन, "मॅडम, कोई खाना नहीं खा रहा है. सब रूम में बैठा है. पूरा कॅम्प बंद होनेवाला है क्या?" मी सरांना सांगितलं. सर इतके पांढरे पडले की मीच त्यांना बॅगेतलं पाणी काढून दिलं.

त्यानंतर त्यांनी डोक्यात घेतलं की मुंगळे कंपनीतून हाकलायचेच. योगायोगानं तेव्हाच वरून हुकूम आला. ऑफिसभर नवीन कंप्युटर बसले होते, प्रत्येक खातं आपापल्या फॉन्टमध्ये लिहीत होतं, आणि जनरल मॅनेजरला कागदावर आणि पडद्यावर सगळीकडे एकच अक्षर हवं होतं. दुबईहून एक सल्लागार बाई आली, तिनं नियमांची जाड पुस्तिका दाखवली आणि निवड सरांवर सोपवली.

सरांनी निवड कशी केली, हे त्या बाईला कधी कळलं नाही ते बरं झालं. दोन-तीन शुक्रवार ते कॅम्पात गेले. एकच मजकूर वेगवेगळ्या अक्षरांत छापलेले कागद घेऊन खाटेवर बसले आणि एकेकाला बोलावून विचारलं, "वाचू नका. नुसतं बघा आणि सांगा, कोणतं बघून पोटात गोळा येतो?" माणसं आधी हसली, मग गंभीर झाली. हेडमास्तर बघून काहींना कोर्टाचा कागद आठवला. नर्स बघून एकाला मेडिकल टेस्ट आठवली, ज्यात नापास झालं की परत पाठवतात. मावशी बघून कोणाच्या पोटात काही झालं नाही. यशवंत नावाचा गुहागरकडचा गवंडी तर म्हणाला, "ह्या बरा हाय साहेब. जेवलास काय म्हणून इचारल्यासारका."

मावशी नक्की झाली. सरांनी प्रत्येक मशीनमध्ये ती स्वतः उभं राहून भरून घेतली, एचआरच्यासुद्धा. मुंगळे खलास. एचआरच्या मॅनेजरनं सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "व्हेरी गुड, हबीबी. नाउ नोबडी विल नो बिफोर आय टेल देम." सर खूश होऊन जिना उतरले. तो सांगेपर्यंत आता कोणाला कळणार नाही, ह्या वाक्यानं मला थंडी वाजली होती, पण का ते मला नीट सांगता आलं नसतं.

ते दोन-तीन महिन्यांत कळलं. आता काढून टाकल्याचं पत्रही मावशीतच येत होतं, सुट्टी मंजूर झाल्याचंही, ओव्हरटाइमचंही. आधी माणसं एका अक्षराला भीत होती, आता प्रत्येक पाकिटाला भ्यायला लागली. कॅम्पात पाकिटं न फोडता उशीखाली ठेवली जाऊ लागली. आमच्याकडेही तेच. नवऱ्याला एका गुरुवारी पत्र आलं. तो ते घेऊन घरी आला, आणि आम्ही दोघं बिल्डिंगखाली गाडीत एसी लावून त्या पाकिटाकडे बघत बसलो. शेवटी मी फोडलं. त्याला बढती मिळाली होती. आनंद व्हायच्या आधी मला उलटी झाली.

मग यशवंत पळाला.

शुक्रवारी सकाळी सरांचा आमच्या घरी फोन आला. यशवंताच्या खोलीतल्या माणसानं त्यांना कळवलं होतं. गुरुवारी यशवंताला पाकीट मिळालं. कागद बघितला, इंग्रजीत, मावशी. दोन आठवड्यांपूर्वी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला असंच पाकीट आलं होतं आणि तो विमानात बसवला गेला होता. यशवंतानं कागद खाटेवर टाकला आणि संध्याकाळच्या आत कॅम्पातून नाहीसा झाला. परत पाठवतील त्यापेक्षा लपून कुठेतरी काम करू, असा त्याचा विचार.

"बाईसाहेब, ते सुट्टीचं पत्र आहे, माझ्याच हातून गेलेलं," सर म्हणाले. "मुलीचं लग्न आहे त्याच्या. सुट्टी, तिकीट, सगळं मंजूर. आणि तो त्यालाच भिऊन पळाला."

शनिवारी ऑफिस उघडलं की कंपनी तो फरार असल्याचं सरकारला कळवणार होती. मग पोलीस, तुरुंग, आणि पुन्हा ह्या देशात पाऊल नाही. लग्नाला पोचायचं तर आजच्या आज सापडायला हवा होता. तो खलिफा सिटीत एका व्हिलावर वॉचमन असलेल्या गाववाल्याकडे असेल, असं खोलीतल्या माणसाला वाटत होतं. नवऱ्यानं गाडी काढली आणि वाटेत कॅम्पातून तो कागद घेतला.

खलिफा सिटी तेव्हा नुसती वाळू आणि अर्धवट व्हिला. वॉचमननं आधी कानावर हात ठेवले, मग सरांचं तोंड बघून वर बोट केलं. यशवंत गच्चीवर होता. जिन्याला कठडा नव्हता. सरांनी भिंतीला पाठ लावली आणि एकेक पायरी बाजूनं चढले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे नवरा. वर कडक ऊन. यशवंत आम्हाला बघून मागे सरकला. गच्चीलाही कठडा नव्हता.

"फुडं येव नका," तो म्हणाला.

"नाही येत," असं म्हणून सर होते तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले. "यशवंता, सुट्टीचा कागद आहे रे तो. हे बघ, आणलाय. वाचून दाखवतो."

"तुमी तसाच वाचणार. तुमी हापिसातले."

"बाईंना विचार."

"त्यापण हापिसातल्याच." मग एकदम त्याचा आवाज फुटला. "साहेब, पयला कागद बगून कळायचा. आता सगले कागद सारके. मला कसा कळायचा?"

सर हातातल्या कागदाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता सर रडतील. यशवंताची टाच आणि गच्चीची कड ह्यांच्यात एका विटेएवढी जागा होती आणि मी तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

सरांचा हात छातीवर गेला. मला सवयीनं वाटलं की चाचपून परत येईल. पण हात शर्टाच्या आत गेला. कापडी पाकीट बाहेर आलं, त्यातून पासपोर्ट. कुवेतपासून तो त्यांनी ऑफिसातल्या तिजोरीतसुद्धा ठेवला नव्हता. वाकून त्यांनी तो सिमेंटवरून यशवंताकडे सरकवला.

"हा ठेव. उद्या ऑफिसात तिकीट तुझ्या हातात पडलं की मला परत दे. मी खोटं बोललो असेन तर देऊ नकोस, फाडून टाक."

यशवंत पासपोर्टकडे बघत राहिला. त्या देशात कामाला असलेल्या कुठल्याही माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यानं तो उचलला, उघडला, फोटो बघितला, सरांकडे बघितलं. मग तो कडेपासून आत आला आणि मटकन खाली बसला.

त्याला कॅम्पात सोडून सर आमच्याकडे जेवायला आले. आमटीभात पुढे होता, पण दर दोन घासांना हात छातीवर जायचा, तिथे काही लागायचं नाही, आणि सर दचकायचे. माझी मुलगी बराच वेळ बघत होती. "अंकल, इज युवर हार्ट पेनिंग?"

"नाही गं," सर म्हणाले. "जागेवर आहे का बघतोय."

शनिवारी यशवंताला तिकीट मिळालं. त्यानं दोन्ही हातांनी पासपोर्ट परत केला आणि सर खुर्चीत बसून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. त्याच दुपारी ते जनरल मॅनेजरकडे गेले आणि काढून टाकल्याची पत्रं पुन्हा मुंगळ्यांत छापावीत अशी मागणी केली. साहेबाला वाटलं, उन्हाचा परिणाम. सल्लागार बाईनं दुबईहून फॅक्सवर निषेध कळवला. पण सर रोज सहा मजले चढून त्याच्या दाराशी उभे राहायला लागले आणि शेवटी तो कंटाळला. पुस्तिकेत एक अपवाद घातला गेला. कारण म्हणून सरांनी लिहिलं, फाइलिंगच्या सोयीसाठी.

"माझंच चुकलं, बाईसाहेब," एवढंच ते मला म्हणाले. "भीतीला तिचा तिचा चेहरा असू द्यावा. मी तो काढून घेतला, तर ती मावशीच्या तोंडानं बोलायला लागली."

आणि एक अट त्यांनी घालून घेतली. असं पत्र पडद्यावर, ईमेलनं कधी जाणार नाही. पडद्यावरचं अक्षर ज्याच्या त्याच्या मशीनवर बदलतं, त्याचा भरवसा नाही. कागदच द्यायचा, पाकिटाशिवाय, उघडा. माणसाला लांबून दिसला पाहिजे, म्हणजे तो जवळ येईपर्यंत त्याला उभं राहायला वेळ मिळतो. हळूहळू कॅम्पात लोक पाकिटं फोडायला लागले. मेसची नोटीस वाचायला लागले. गुरुवारी दाराकडे बघणं काही थांबलं नाही, पण शनिवार ते बुधवार मी श्वास घ्यायला लागले.

दोन हजार सालानंतर कंपनी विकली गेली. नवीन मालकांकडे सगळी पत्रं कंप्युटरमध्ये तयार साच्यात होती; नाव घातलं की पत्र तयार. आमच्या सेक्शनची गरज उरली नव्हती. एका गुरुवारी एचआरमधून मला बोलावणं आलं आणि एक मजकूर हातात दिला. साचे आमच्या मशीनमध्ये अजून यायचे होते, तोवर टाइप करून द्या. वर सरांचं नाव होतं.

मी मशीनपुढे बसले. पडदा मावशीत उघडला. तसंच ठेवलं असतं तरी कोणी विचारणार नव्हतं, नवीन लोकांनी ती पुस्तिका उघडूनही बघितली नव्हती. मी अक्षर बदललं आणि मुंगळे एकेक करून ओळीत उभे राहिले. प्रिंट काढली, सही झाली. एचआरचा नवीन मॅनेजर पाकीट शोधायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "नो एन्व्हलप. कंपनी रूल."

तो कागद हातात धरून आमच्या खोलीत शिरला. सर दोरीखाली, दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी मान वर केली. कागद वाचता येईल इतका जवळ नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि उठून उभे राहिले. मॅनेजर त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्यांचा हात पुढे होता. कागद त्यांनी घडी करून तसाच खिशात घातला.

मी दारापर्यंत गेले. मला रडू आवरत नव्हतं. सर लिफ्टपाशी थांबले आणि त्यांनी बटण दाबलं.

"सर, लिफ्ट?"

"आता काय व्हायचं राहिलंय?" ते म्हणाले, आणि हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे सगळे दात पहिल्यांदा बघितले.

"तुमची बॅग राहिली, टेबलाखाली."

"मला आता कशाला? घरी चाललोय." लिफ्टचं दार उघडलं. ते आत गेले, वळले. "तुम्हाला राहू दे, बाईसाहेब. बिस्किटं तेवढी बदलत जा."

शनिवारी मला त्यांच्या टेबलावर बसवलं, उरलेलं काम आवरायला. किती दिवस, ते कोणी सांगितलं नाही. मी बसले आणि पायाला बॅग लागली. चेन उघडली. बिस्किटांचे पुडे नवे होते, त्याच आठवड्यात भरलेले. मी झेरॉक्स मशीनपाशी जाऊन आम्हा तिघांच्या पासपोर्टच्या कॉप्या काढल्या, बिस्किटांखाली ठेवल्या, चेन लावली आणि बॅग पायाशी जवळ ओढून घेतली.